नऊ नंबर बंद ठेवावे

३ तारीख, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. ही वही ताईने कपड्यांची मापं लिहायला आणली होती. काल माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, दिवसभराचा राग यात ओतायचा आणि मगच घरात पाऊल टाकायचं. चौदा वर्षं हॉस्पिटलचे पलंग, स्ट्रेचर आणि चाकांच्या खुर्च्या दुरुस्त केल्या मी. एका पलंगाच्या मोडक्या कठड्यावरून मोठ्या साहेबांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं आणि घरी बसले. ताईच्या मते राग माझ्या नाकावर राहायला आलाय तो कायमचाच. पाहुणा असता तर एव्हाना कंटाळून गेला असता.

असो. जिम बघून जीव सुखावला. रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची आहे, त्यामुळे दिवसभर लख्ख उजेड. बत्तीस मशिनं, प्रत्येकावर नंबराची गोल चकती. मागे माझी खोली. खोली म्हणजे दोन पावलांची जागा, पण भिंतीवर पान्यांचा फळा असा की बघत राहावं. प्रत्येक पान्याची आकृती काळ्या रंगाने काढलीय आणि पाना बरोबर तिच्यावर लटकतो. माझ्याआधी इथे जे मिस्त्री होते त्यांचं काम. मालक म्हणाले, वय झालं म्हणून ते गावी निघून गेले. मालक पन्नाशीचे आहेत, गोड बोलतात, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मान हलवतात. मला म्हणाले, "ताई, आता हे सगळं तुमच्या हवाली."

फार दिवसांनी कुणी माझ्या हवाली काही केलं.

४ तारीख, मंगळवार

बारा ते चार जिम बंद असतं. तेवढा वेळ मी आणि सफाईवाल्या मावशी, दोघीच. त्या फरशी पुसतात आणि मागच्या दाराशी बसून डबा खातात. बोलणं बेताचं.

आज दहा मशिनं उरकली. नट आवळला की त्यावरून पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढते, अर्धी नटावर, अर्धी खालच्या पट्टीवर. नट केसभर फिरला तरी रेघ मोडते आणि लांबूनही दिसतं. वजनाच्या प्लेटा ज्या दांड्यांवरून वरखाली होतात, त्यांवर कुणीतरी ग्रीस थापलं होतं आणि त्यात धूळ बसून त्याचा चिखल झाला होता. सगळं पुसून काढलं. दांडा स्वच्छ असला की सिलिकॉनचा एक हलका फवारा पुरतो. दोन बाकांच्या फाटक्या रेक्झिनला ठिगळं लावली.

संध्याकाळी मास्तरीणबाई भेटल्या. सत्तरीच्या, शाळेतून कधीच्या निवृत्त झालेल्या, उजवा खांदा आखडलेला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून येतात. मी काय काम करते ते ऐकून म्हणाल्या, अशी एखादी बाई शाळेत असती तर बाकांच्या खिळ्यांनी इतक्या जणांचे कपडे फाटले नसते. मला त्या लगेच आवडल्या.

६ तारीख, गुरुवार

आज नऊ नंबरची पाळी. मागच्या कोपऱ्यातलं मशीन. सीटवर बसायचं, मांड्या गादीच्या दोन रोलांखाली अडकवायच्या आणि डोक्यावरची दांडी छातीपर्यंत ओढायची. दांडीची केबल वरच्या पुलीवरून समोर जाते आणि लोखंडी प्लेटांची चळत उचलते. ज्या प्लेटखाली पिन खोचली तिथपर्यंतचं वजन उचललं जातं.

केबलवरून कापूस फिरवला. वरच्या टोकाशी तो अडकला आणि त्याचे तंतू तिथेच राहिले. प्लास्टिकचं वेष्टण नखाने जरा मागे सारलं. आत सात तारा तुटलेल्या. उरलेल्या किती दिवस टिकतील ते त्यांनाच माहीत. ओढता ओढता ही तुटली तर दांडी सरळ माणसाच्या डोक्यात.

मास्तरीणबाई रोज इथेच बसतात. त्यांच्या खांद्यासाठी हेच सांगितलंय.

मशीनला "बंद" अशी पाटी बांधली, पिन काढून माझ्या पिशवीत टाकली आणि मालकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, नवी केबल मागवतो.

७ तारीख, शुक्रवार

सकाळी पाटी जमिनीवर आणि नवव्या प्लेटखाली पिन.

माझ्या पिशवीतली पिन पिशवीतच होती. म्हणजे कुणीतरी दुसरी आणून खोचली. इथे शिकवणाऱ्या दादांना सगळे पैलवान म्हणतात. त्यांना गाठून चांगलंच झापलं. बिचाऱ्यांनी कानाला हात लावले. म्हणाले, मी त्या मशीनकडे फिरकतही नाही, तुम्ही मालकांना विचारा. का फिरकत नाही, ते काही सांगेनात.

मालकांना विचारलं. त्यांनीही नाही म्हटलं, वर हसले. मी दुसरी पिन काढून पिशवीत टाकली आणि पाटी तारेने बांधली, गाठ पक्कडीने पिळून.

८ तारीख, शनिवार

तिसरी पिन. तार उलगडलेली. कापलेली नाही, उलगडलेली. पिळे एकेक करून सोडवलेत, सावकाश, हातात पुष्कळ वेळ असल्यासारखे.

पिन गरम होती.

मालकांसमोर टेबलावर तिन्ही पिना आपटल्या. चेष्टा करताय का माझी, असं विचारलं. ते म्हणाले, एवढं मनाला लावून घेऊ नका. हे वाक्य मी हॉस्पिटलातही ऐकलंय. माणसांच्या जिवाशी खेळायचं आणि जिला दिसतं तिला सांगायचं की मनाला लावून घेऊ नकोस. आज घरी येताना दोन थांबे आधीच उतरले आणि चालत आले. तरी ताईने तोंड बघून ओळखलंच.

१० तारीख, सोमवार

पाच पिना. कालची सुट्टीसुद्धा हिशेबात धरलीय कुणीतरी.

सगळ्या एकसारख्या, जुन्या, डोक्याला लाल प्लास्टिक. अशा पिना आता बाजारात मिळत नाहीत. मी दुकानात दाखवल्या. दुकानदार म्हणाला की ही कंपनी कधीच बंद पडली.

नवी केबल आली नाही. मालक म्हणतात, सांगून ठेवलंय.

११ तारीख, मंगळवार

माझ्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी, चिंध्यांखाली, मिस्त्रींचं रजिस्टर सापडलं. दोन वर्षांच्या नोंदी. अक्षर बुटकं, ठळक, पेन कागदात रुतवून लिहिलेलं. "नऊ नंबर. केबलच्या तीन तारा तुटल्या. बंद ठेवावे." शेजारी मालकांची सही आणि "पाहिले". पुढच्या आठवड्यात, "चार तारा. प्लेटा मधेच अडकतात. बंद ठेवावे." पाहिले. "बंद ठेवावे." पाहिले. पानामागून पान तेच. मी एकोणचाळीसपर्यंत मोजलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं, दुःखाचं नाही, संतापाचं. एकोणचाळीस वेळा हा माणूस ओरडला आणि एकोणचाळीस वेळा दुसऱ्याने खाली सही केली.

शेवटची नोंद: "आज प्लेटा वरच अडकल्या. लाकूड लावून आतला दांडा साफ करतो." तिथे सही नाही.

रजिस्टर उचलून तडक मालकांकडे गेले. त्यांनी ते बघितलं आणि पहिल्यांदाच मान हलवली नाही. म्हणाले, जुनी रद्दी आहे, फेकून द्या.

मी फेकणार नाही.

१२ तारीख, बुधवार

मावशींसमोर रजिस्टर ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, पण अक्षर ओळखलं. डब्याचं झाकण लावून टाकलं.

मग सांगितलं. मिस्त्री गावीबिवी गेले नाहीत. त्या दुपारी प्लेटा वर अडकल्या होत्या. त्यांनी खाली लाकडाचा ठोकळा लावला आणि दांडा पुसायला आत वाकले. तेवढ्यात मालक एका गिऱ्हाइकाला जिम दाखवायला घेऊन आले. मिस्त्रींचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. मालकांना वाटलं, काम संपलं असेल, निदान संपायला आलं असेल. मशीन चालतं हे दाखवायचं होतं. ठोकळा मधे येतो म्हणून त्यांनी तो बाजूला केला आणि दांडी ओढली.

"डोकं आत होतं हो," मावशी म्हणाल्या. "मी पुसलं सगळं. चार बादल्या पाणी लागलं."

कागदावर काय लिहिलं गेलं, ते त्यांना ठाऊक नाही. मालकांनी त्यांना सांगितलं की मिस्त्रींच्या हृदयाने दगा दिला.

मी विचारलं, तुम्ही कुणाला बोलला का नाहीत. त्यांनी डबा पिशवीत घातला आणि फरशीचं फडकं हातात घेतलं. मला माझीच लाज वाटली. माझा राग त्यांच्यावर काढायचा नव्हता. ज्याच्यावर काढायचा तो आतल्या केबिनमध्ये फोनवर हसत होता.

केबिनचं दार लाथेने उघडलं. जे तोंडात आलं ते बोलले. मालक शांत बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तो अपघात होता. मला काय हवं होतं का ते?"

नको होतं, हे मला मान्य आहे. पण त्यांना दोन मिनिटं थांबवत नव्हतं.

नोकरी सोडून जावं तर मास्तरीणबाई उद्या त्या सीटवर बसणार. जाणार नाही. पोलीस चौकीत गेले, ठाणेदार जागेवर नव्हते. तक्रार लिहून दिली. पोच मिळाली. शिपाई म्हणाला, साहेब बघतील.

१३ तारीख, गुरुवार

दुपारी दीड. बाहेर ऊन, काचेपलीकडे माणसं ये-जा करतायत. मावशी आज आल्या नाहीत. मी एकटी.

नऊ नंबर चालतंय.

सीटवर कोणी नाही. दांडी खाली येते, थांबते, वर जाते. प्लेटा वर, प्लेटा खाली. खाली येताना आवाज होत नाही, कोणीतरी हाताने टेकवल्यासारख्या येतात. मी खोलीच्या दारात उभी आहे. भीती वाटली, पण आधी वाटला तो राग. मी मोठ्याने म्हटलं की मिस्त्री, मी तुमच्याच बाजूची आहे.

थांबलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१४ तारीख, शुक्रवार

सगळ्या रेघा मोडल्यात. बत्तीसच्या बत्तीस मशिनं, प्रत्येक नट बरोबर एक फेरा सैल. माझ्या बारा दिवसांच्या कामावर पाना फिरवलाय, एकही न सोडता. फळ्यावरचा तेरा नंबरचा पाना उलटा टांगलाय.

मिस्त्री माझ्या बाजूचे असते तर हे केलं नसतं.

सगळे नट पुन्हा आवळले. हात सोलवटले. चार वाजता रजिस्टर उघडलं, स्वतःची नोंद करायला. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली कालपर्यंत पान कोरं होतं. आता तिथे एक ओळ आहे. तेच बुटकं अक्षर, तसंच रुतवलेलं.

"नऊ नंबर चालू ठेवावे."

१५ तारीख, शनिवार

पिन रोज का येते ते आता कळलं. मला वाटलं होतं, हा माणूस अजून धोका दाखवतोय. नाही. एकोणचाळीस वेळा दाखवून झालं त्याचं. आता त्याला कुणीतरी हवंय. कोण, ते बहुतेक त्याला सारखंच.

केबल कापली. कटरने, तीन ठिकाणी. तुकडे पिशवीत घालून बाहेर नेले आणि लांबच्या कचरापेटीत टाकले. येऊन हात धुतले. आरशात माझा चेहरा पाहिला तर मलाच ओळखू येईना, इतकी चिडलेली बाई.

१७ तारीख, सोमवार

केबल जागेवर आहे.

तीच. कापूस फिरवला. त्याच जागी अडकला. फक्त आता आत दहा तारा तुटलेल्या.

मालकांना वाटतंय की मी दुरुस्त केलं. पाठ थोपटली माझी. सांगत होते, उद्या सकाळी वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार, जिमला दहा वर्षं झाली म्हणून. मागच्या कोपऱ्यात उजेड चांगला आहे. ते स्वतः नऊ नंबरवर बसून फोटो काढणार.

मी काही बोलले नाही.

बोलले नाही. घरी आले, जेवले. ताईने विचारलं, आज वही लिहिली नाहीस का, चेहरा शांत दिसतोय. हो, शांत आहे. बसू दे त्याला. एकोणचाळीस सह्या केल्यात त्याने. मी सांगितलं तेव्हा हसला. बसू दे. मी माझ्या खोलीत पाने पुसत बसेन आणि

हे मी लिहिलं? अक्षर बघ. पेन कागदात रुतलंय. मी कधी असं लिहीत नाही.

१८ तारीख, मंगळवार

सकाळी सात. झोप नाही. उजाडल्याबरोबर मालकांना फोन करून सांगितलं, बसू नका, माझ्यावर कितीही रागवा पण बसू नका. म्हणाले, बरं, मी नाही बसत. इतक्या सहज? मला हायसं वाटलं.

साडेनऊ. आले तर फोटोवाला दिवे लावतोय. मालक बाजूला उभे. मास्तरीणबाई इस्त्रीच्या कपड्यांत, केस नीट बांधून. मालकांनी त्यांना फोटोसाठी बोलावलंय. सत्तरीतही माणूस व्यायाम करतो, असं वर्तमानपत्रात यावं म्हणून. त्या खुशीत आहेत. सीटकडे निघाल्यात.

पळत गेले आणि मी बसले.

पिन काढायला हात घातला, ती निघत नाही. म्हणून बसूनच आहे. मी बसलेय तोवर दुसरं कोणी बसणार नाही. वही खिशात होती म्हणून लिहितेय. लिहिलेलं कुणीतरी पाहावं. नुसतं "पाहिले" नाही, पाहावं.

मालक म्हणाले, "उठा. तमाशा करू नका."

"नाही उठणार. आधी यांना बाहेर न्या."

बाईंना सगळं एका दमात सांगितलं, मिस्त्रींचंही. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. मालकांचा चेहरा पांढरा पडला. पैलवानाला हाक मारली, हिला उचला म्हणाले. पैलवान जागचा हलला नाही. म्हणाला, मी त्या मशीनला हात लावणार नाही.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांना ओरडून सांगितलं, मागे व्हा, काचेच्या बाहेर जा. त्या घाबरल्या. पण वर्गात धोका कसा ओळखायचा हे त्यांना माहीत असणार. गेल्या. फोटोवाल्याला हाताला धरून घेऊन गेल्या.

दोघं बाहेर आहेत. ऊन आहे त्यांच्या अंगावर.

प्लेटा वर चालल्यात. मी दांडीला हात लावलेला नाही. पाच. सहा. नऊच्या नऊ वर, पार वर, आणि तिथेच थांबल्या. अडकल्यासारख्या.

मांड्यांवरचे रोल घट्ट होतायत. मी ते सैल ठेवले होते. एकेक खाच खाली येतायत, सावकाश — हातात पुष्कळ वेळ असल्यासारखे. उठता येत नाही आता.

मिस्त्री, ऐका. मी पण लिहून दिलं होतं. मला पण कोणी —

वरून बारीक आवाज. तार. अजून एक.

मालक पुढे आले. मला विचारतायत, काय केलंत मशीनला, का अडकलं. सांगतेय, लांब राहा, हात लावू नका. ऐकत नाहीत. कधी ऐकलंय? त्यांना हे आत्ता चालू करून दाखवायचंय, बाहेर लोक जमलेत, सगळे बघतायत —

वाकले. प्लेटांच्या खाली. काय अडकलंय ते बघायला मान आत —

मिस्त्री, नको.

मी क्षणभर — हो, क्षणभर मी गप्प बसले. लिहून ठेवते. गप्प बसले होते.

आता त्याची कॉलर धरलीय, डाव्या हाताने. जड आहे. ओढतेय. तार तुटली, अजून — राग नंतर. राग सगळा नंतर. आधी याची मान तिथून